सावळ्या त्वचेचा कस : ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररचे परीक्षण

माणसाची त्वचा संगणकावर खरी वाटेल अशी उभी करण्यासाठी ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्यातले सायकल्स हे रेंडर इंजिन, म्हणजे मॉडेल आणि प्रकाश यांवरून अंतिम चित्र काढणारा भाग, कितपत पुरे पडते, असा प्रश्न मला कामाच्या निमित्ताने वरचेवर विचारला जातो. आजवर मी त्याचे उत्तर तयार मिळणाऱ्या गोऱ्या, तरुण, नितळ चेहऱ्यांच्या मॉडेलांवरून देत आले आणि ते उत्तर नेहमी 'उत्तम' असेच असे. या वेळी मी कसोटीच बदलली आणि माझ्या ८२ वर्षांच्या आजीचा चेहरा घेतला. सावळा वर्ण, सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात शेतावर राबून रापलेली कातडी, कपाळावर तीन आणि हनुवटीवर एक गोंदणाचा ठिपका, रोजचे मेण लावून रेखलेले कुंकू आणि कुड्यांच्या वजनाने ओघळलेल्या कानांच्या पाळ्या, असा हा चेहरा आहे. तीन महिने, रोज कामावरून आल्यानंतरचे दोन-तीन तास, मी ब्लेंडरच्या ४.२ या दीर्घकाळ आधार असलेल्या आवृत्तीवर याच एका चेहऱ्यावर काम केले. पुढचे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

ज्यांना ब्लेंडर नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका देते. टॉन रोझेंडाल यांनी १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये स्वतःच्या ॲनिमेशन स्टुडिओसाठी हे सॉफ्टवेअर घडवले. पुढे ते चालवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ साली वापरकर्त्यांच्या वर्गणीतून एक लाख युरो उभे राहिले आणि त्याचा स्रोत सर्वांना खुला झाला. सायकल्स हे इंजिन २०११ साली २.६१ या आवृत्तीबरोबर आले. त्वचेसाठी आज आपण जो 'प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ' शेडर, म्हणजे पृष्ठभागावर प्रकाश कसा वागेल हे ठरवणारी मांडणी, वापरतो तो २०१७ साली २.७९ मध्ये आला. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर तो बेतलेला आहे. नोव्हेंबर २०२३ च्या ४.० आवृत्तीत तो बराचसा नव्याने लिहिला गेला, त्यामुळे त्याआधीचे त्वचेचे धडे आणि तयार फायली आज जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. जुन्या धड्यांत 'सबसरफेस कलर' नावाचा वेगळा रकाना भरायला सांगितलेला दिसला, तर तो रकाना आता नाही हे लक्षात ठेवावे. आता मूळ रंगच आतल्या प्रकाशालाही लागू होतो.

त्वचा अवघड का, हे समजल्याशिवाय या साधनाचे मोल कळत नाही. लाकडावर किंवा भिंतीवर पडलेला प्रकाश जवळजवळ त्याच जागी परततो. त्वचेत तो आत शिरतो, बाह्यत्वचेतल्या मेलॅनिन या गडद रंगद्रव्यातून गाळला जातो, खालच्या थरात तंतूंवर आदळत इकडेतिकडे भटकतो, वाटेत रक्तातले हिमोग्लोबिन त्यातला हिरवा भाग शोषून घेते आणि मग उरलेला प्रकाश जिथून शिरला त्याच्या आजूबाजूला कुठेतरी बाहेर पडतो. तांबडा प्रकाश सर्वांत दूरवर जातो, निळा सर्वांत कमी. रात्री टॉर्चवर तळहात धरला की बोटांच्या कडा लाल दिसतात त्याचे कारण हेच. या प्रवासाला सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतात. हेन्रिक वान येन्सेन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहॅन यांनी २००१ साली त्याचे व्यवहारात वापरता येईल असे गणित मांडले आणि त्यानंतर संगणकावरचे चेहरे चिनी मातीचे दिसायचे थांबले. त्यांतल्या येन्सेन, मार्शनर आणि हॅनरहॅन यांना २००४ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

सायकल्समध्ये हा प्रवास मोजण्याच्या तीन पद्धती आहेत, पैकी 'रँडम वॉक (स्किन)' ही खास त्वचेसाठी जुळवलेली आहे. तिच्यात प्रकाशाचा एकेक किरण आत शिरून खरोखरच भटकवला जातो, त्यामुळे नाकपुडी, पापणी, कानाची पाळी अशा पातळ आणि वळणदार जागी जुन्या सूत्रांसारखी फसगत होत नाही. आत शिरण्यासाठी वेगळा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वाकतो याची संख्या, देता येतो. तो आधीच १.४ ठेवलेला असतो आणि त्वचेला तोच योग्य आहे. प्रकाश पुढच्या दिशेला किती कलतो हेही ठरवता येते. प्रत्यक्ष मोजमापांत त्वचेसाठी ही संख्या ०.८ आढळते आणि ब्लेंडरच्या माहितीपुस्तिकेतही तीच सुचवली आहे. या पद्धतीचा मला सर्वांत जाणवलेला गुण असा, की त्वचा मऊ होते पण रंध्रे आणि बारीक रेषा विरघळून जात नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काम करणाऱ्याला या एका गोष्टीसाठी सायकल्स निवडता येईल.

मात्र शेडर उघडल्यावर जे आकडे समोर येतात ते माणसाच्या त्वचेचे नाहीत, हे नवशिक्यांना कोणीतरी ठासून सांगायला हवे. 'रेडियस'मध्ये तांबड्याला १, हिरव्याला ०.२ आणि निळ्याला ०.१ असे प्रमाण असते आणि त्याला 'स्केल'ने, म्हणजे ०.०५ मीटरने गुणले जाते. याचा अर्थ तांबडा प्रकाश आत पाच सेंटिमीटरच्या हिशेबाने पसरतो. एवढा पसर मेणबत्तीला शोभेल. माणसाच्या चेहऱ्याला काही मिलिमीटर पुरतात. मी शेवटी ०.००४ वर स्थिरावले. तरीही माझी पहिली प्रतिमा मेणाच्या पुतळ्यासारखीच आली होती. चूक माझी होती: छायाचित्रांवरून उभे केलेले डोके ब्लेंडरमध्ये जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचे आले होते आणि मी ते तपासले नव्हते. एवढ्या लहान डोक्यात चार मिलिमीटर म्हणजे गाल आरपार होणारच. डोके खऱ्या मापाचे करताच तेच आकडे बरोबर लागू पडले. त्वचेचे काम सुरू करण्यापूर्वी मॉडेलची उंची मोजून घ्यावी, ही सूचना मी आता प्रत्येकाला सर्वांत आधी देते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गोऱ्या त्वचेवर आत जाऊन परतलेला प्रकाश भरपूर असतो, त्यामुळे तिथे मऊपणा आणि लालसर झाक हेच खरेपणाचे लक्षण ठरते. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, म्हणून परतणारा प्रकाश कमी. पृष्ठभागावरूनच उसळणारा प्रकाश मात्र दोघींत सारखाच असतो, कारण तो वर्णावर नसून अपवर्तनांकावर अवलंबून असतो, १.४ च्या हिशेबाने समोरून पडलेल्या प्रकाशाचा तो जेमतेम ३ टक्के भरतो. हे ३ टक्के एका त्वचेवर आतून आलेल्या ५० भागांशेजारी उभे आहेत आणि दुसऱ्या त्वचेवर १० भागांशेजारी, अशी कल्पना केली, तर दुसऱ्या चेहऱ्यावर ती चमक किती ठळक दिसेल हे सहज ध्यानात येते. आपल्या भाषेने हा भेद पूर्वीच केला आहे. वर्ण वेगळा आणि कांती वेगळी. गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा हे वर्ण झाले. तुकतुकीत, तेलकट, कोरडी, निस्तेज ही कांती झाली. गोऱ्या चेहऱ्याचे रेंडर वर्णावर तरून जाते. सावळ्या चेहऱ्याचे कांतीवर ठरते. अजिंठ्याच्या चित्रकारांना हे चांगले ठाऊक होते. तिथल्या सावळ्या आकृतींच्या नाकाच्या दांड्यावर त्यांनी उजळ रंगाचा जो फटकारा ओढला आहे त्यानेच तो चेहरा भिंतीतून पुढे येतो.

येल विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ थिओडोर किम यांनी २०२० साली हाच आक्षेप संपूर्ण क्षेत्रावर घेतला होता. त्वचेवरच्या शोधनिबंधांत 'त्वचा' म्हणजे गोरी त्वचा असेच गृहीत धरले गेले, तिचा पारभासकपणा हाच माणूसपणाचा निकष मानला गेला आणि गडद त्वचेवर जे महत्त्वाचे असते त्या पृष्ठभागीच्या चमकेकडे तितके लक्ष दिले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे. मागच्या शतकात छायाचित्रांच्या छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅकची जी 'शर्ली कार्डे' वापरत त्यांवरही गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे, हे पाहिले म्हणजे ही सवय किती जुनी आहे ते कळते. ब्लेंडरच्या शेडरचे गणित कोणत्याही वर्णाची बाजू घेत नाही, हे मी जबाबदारीने सांगते. पण त्याभोवती जमलेले शिक्षण, तयार फायली आणि 'त्वचेसाठी हे आकडे टाका' असे सांगणारे धडे बहुतेक गोऱ्या चेहऱ्यांवर घडलेले आहेत.

हे नुसते मत राहू नये म्हणून मी एक साधी चाचणी केली. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी गूगलबरोबर २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या, उजळाकडून गडदाकडे जाणाऱ्या दहा छटांच्या मापनपट्टीतले रंग घेतले आणि बाकी काहीही न बदलता आजीच्याच मॉडेलला एकामागून एक लावले. पहिल्या चार-पाच छटांमध्ये चेहरा जिवंत वाटला. सातव्या छटेपासून पुढे तोच चेहरा रेक्झिनचा दिसू लागला. रंग बरोबर होता, आतला प्रकाश बरोबर होता, पण रफनेसची, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाची, एकच संख्या साऱ्या चेहऱ्यावर लावल्यामुळे चमक सगळीकडे एकसारखी पसरली होती. गोऱ्या छटेत ती झाकून गेली आणि गडद छटेत उघडी पडली.

म्हणून मी कांतीचा नकाशा वेगळा काढायचे ठरवले. त्यासाठी मोठ्या स्टुडिओंत वापरतात ती ध्रुवीकरणाची पद्धत घरगुती स्वरूपात केली. दिव्यापुढे ध्रुवीकरण करणारी, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी पारदर्शक पट्टी लावायची, कॅमेऱ्याच्या भिंगावर तसाच फिल्टर बसवायचा आणि तो फिरवायचा. पृष्ठभागावरून उसळलेला प्रकाश आपली दिशा टिकवून असतो, आतून भटकून आलेला प्रकाश ती हरवून बसतो. म्हणून फिल्टर काटकोनात आला की वरची चमक नाहीशी होते आणि खालचा वर्ण तेवढा उरतो. माजघरात दार लावून, आजीला पाटावर बसवून मी तो फिल्टर फिरवला, तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिच्या कपाळावरची, नाकावरची, गालाच्या उंचवट्यावरची सगळी तुकतुकी एकाएकी विझली. एरवी जवळ बसूनही नीट न दिसणारे हनुवटीवरचे गोंदण स्वच्छ उमटले, गालांवरचे वांग दिसू लागले आणि डोळ्यांखालची निळसर तपकिरी छाया ठळक झाली. फिल्टर परत पूर्ववत फिरवला की चेहऱ्यावर पुन्हा तेज आले. दोन्ही छायाचित्रांची वजाबाकी केली की उरतो तो निव्वळ पृष्ठभाग. इतक्या वर्षांत मला कोणत्याही पुस्तकाने वर्ण आणि कांती यांतला फरक इतका लख्ख दाखवला नव्हता.

त्या वजाबाकीच्या चित्रावरून मी रफनेसचा नकाशा रंगवला. नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळाच्या मध्यभागी तेल जास्त म्हणून रफनेस कमी, गालांच्या बाजूला कोरडेपणा म्हणून जास्त, खालच्या ओठावर ओलावा, पापणीच्या कडेला पाण्याची रेघ. खऱ्या त्वचेची चमक एकाच जातीची नसते: एक रुंद आणि मंद, तिच्यावर दुसरी अरुंद आणि तीव्र. प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये चमकेचा मुख्य थर एकच आहे, त्यामुळे दुसरी चमक 'कोट' या वरच्या थरातून मिळवावी लागते. तो अगदी कमी वजनाने आणि फक्त तेलकट भागांवर लावला तर छान काम करतो. थोडा जास्त झाला की चेहऱ्यावर वार्निश चढते. हे दोन्ही थर मुळातच त्वचेच्या जोडीने दिले असते तर जास्त सोयीचे झाले असते.

पोताचे काम सायकल्समध्ये मनापासून आवडावे असे आहे. सुरकुत्या आणि मोठ्या घड्या मॉडेलमध्येच कोरलेल्या, मधल्या रेषा डिस्प्लेसमेंटने खरोखर वरखाली केलेल्या आणि रंध्रे बंपने, म्हणजे आकार न बदलता नुसत्या छायाप्रकाशाच्या भासाने दाखवलेली, अशी तीन पातळ्यांची विभागणी मी केली. इथे एक बारीक गोष्ट सुटते: मटेरियलच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेसमेंट मुळात 'फक्त बंप' असा ठेवलेला असतो आणि तो बदलला नाही तर कितीही चांगला नकाशा जोडला तरी चेहऱ्याची बाह्यरेषा गुळगुळीतच राहते. तो बदलल्यावर आजीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या सुरकुत्या कडेने पाहतानाही खाचा म्हणून दिसू लागल्या. म्हाताऱ्या त्वचेची रंध्रे गोल नसतात, ती गालावरून खाली ओढल्यासारखी लांबट असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे बारीक जाळे असते. विकत किंवा फुकट मिळणारे एकसारखे ठिपक्यांचे टेक्स्चर तिथे लगेच खोटे पडते. गालावरची लव मी खरे केस म्हणून उगवली. 'शीन' नावाच्या सोयीने ती नुसती सूचित करता येते, पण सूर्य मागे असताना तिचा फरक कळतो.

गोंदणाने मला सर्वांत जास्त शिकवले. गोंदणाची शाई बाह्यत्वचेत नव्हे, तर तिच्याखालच्या थरात बसलेली असते. तिच्यावरून पुन्हा मेलॅनिनचा थर असतो आणि वरचे ऊतक निळा प्रकाश जास्त विखुरते म्हणून मूळची काळी शाई आपल्याला हिरवट निळी दिसते. साठ-सत्तर वर्षांत ती आजूबाजूला पसरून ठिपक्याची कड धूसर होते. मी आधी रंगाच्या नकाशात काळे ठिपके काढले आणि सायकल्स त्यांना आपोआप खोली देईल अशी अपेक्षा ठेवली. तसे झाले नाही. पेनाने काढल्यासारखे ठिपके आले. यामागचे कारण इंजिनच्या रचनेत आहे. किरण जिथे आत शिरतो तिथल्या रंगावरून आतल्या माध्यमाचे गुणधर्म ठरतात आणि त्या किरणाच्या साऱ्या प्रवासात तेच राहतात. म्हणजे सायकल्सची त्वचा एकसंध आहे, तिला थर नाहीत. खाली शाई आणि वर मेलॅनिन अशी मांडणी तिला ठाऊकच नाही. मग ती खोली हाताने रंगवावी लागली: ठिपक्याची कड पसरवली, काळा रंग हिरवट राखाडीकडे नेला, त्यावर आजूबाजूच्या त्वचेचे तपकिरी कण पातळ हाताने शिंपडले आणि बंपच्या नकाशातून ठिपका पूर्ण पुसला, कारण जुने गोंदण बोटाला लागत नाही. त्यानंतर ते त्वचेच्या आत गेले. मेहनतीने जमते, पण हे काम सॉफ्टवेअरचे नसून रंगवणाऱ्या हाताचे आहे हे नोंदवलेच पाहिजे.

कुंकवाचे नेमके उलट. ते त्वचेवर बसते, त्यातून प्रकाश आत जात नाही, म्हणून त्याला वेगळे मटेरियल देऊन सबसरफेसचे वजन शून्य केले आणि रफनेस वाढवली. कणांचा खरखरीतपणा वेगळ्या बंपने आणला. आजी अजून आधी मेणाचे बोट फिरवते आणि त्यावर कुंकू टेकवते, त्यामुळे कुंकवाच्या कडेला मेणाचे अगदी बारीक चकाकते वलय राहते आणि दोन-चार कण कपाळाच्या आठीत उतरतात. ते वलय आल्यावर कुंकू चिकटवलेल्या टिकलीसारखे दिसायचे थांबले.

वर्णाचे भाग पाडतानाही हाच धडा उपयोगी पडला. आपल्याकडच्या चेहऱ्याला एकच रंग नसतो. कपाळ आणि कानशिले गडद, गालांचा उंचवटा उजळ, तोंडाभोवती काळसर छटा, मानेच्या घडीत आणखी गडद. गोऱ्या चेहऱ्यासाठी शिकवला जाणारा नाकगालांचा लाल पट्टा सावळ्या चेहऱ्यावर जसाच्या तसा लावला तर रंगभूषा केल्यासारखा दिसतो. तिथे रक्ताची लाली असते, पण ती तपकिरीत मुरून विटकरी होऊन येते.

याच ठिकाणी माझी ब्लेंडरविषयी सर्वांत मोठी तक्रार आहे. केसांसाठी असलेल्या 'प्रिन्सिपल्ड हेअर' शेडरमध्ये मेलॅनिनचे प्रमाण सरळ आकड्यात देता येते; काळ्याभोर केसांपासून पिंगट केसांपर्यंत एक कळ सरकवून जाता येते. त्वचेच्या शेडरमध्ये मात्र मेलॅनिन नाही, हिमोग्लोबिन नाही. क्रेग डोनर आणि हेन्रिक वान येन्सेन यांनी २००६ सालीच या दोन द्रव्यांवरून त्वचेचा रंग काढण्याची पद्धत मांडली होती. ती सोय असती, तर वर्ण बदलताना रंग अंदाजाने निवडावा लागला नसता आणि गव्हाळ, सावळा, काळासावळा हे क्रमाने आणि शरीरशास्त्राला धरून मिळाले असते. आज हे आपल्यालाच नोड, म्हणजे शेडरचे छोटे ठोकळे, जोडून घडवावे लागते. मी तसा एक ढोबळ गट बनवला आहे आणि तो कामचलाऊ आहे, पण हे काम प्रत्येक कलाकाराने घरी बसून करण्याचे नाही.

प्रकाश बाहेर पडल्यानंतर तो पडद्यावर कसा उतरतो यालाही तितकेच महत्त्व आहे. ४.० आवृत्तीपासून ब्लेंडरने 'एजीएक्स' हा रंगरूपांतराचा प्रकार मूळ निवड म्हणून ठेवला आहे आणि त्वचेसाठी हा बदल फार मोलाचा ठरला. 'स्टँडर्ड'वर ठेवले की सावळ्या कपाळावरची तीव्र चमक पिवळट नारिंगी होऊन फुटते. एजीएक्समध्ये ती हळूहळू पांढरी होत जाते आणि खालचा तपकिरी रंग शाबूत राहतो. थोडा फिकेपणा येतो, तो 'लुक'मधून कॉन्ट्रास्ट वाढवून भरून काढता येतो.

प्रकाशयोजनेत मी दोन दृश्ये केली. एक माजघराच्या खिडकीचे, दुसरे पडवीत सूर्य मागे असतानाचे. दुसऱ्या दृश्यात आजीच्या कानाची पाळी हा सारा डाव होता. वर्षानुवर्षे कुड्या घालून भोक लांबट झालेले, भोवतीची कातडी कागदासारखी पातळ. रँडम वॉकने त्या पाळीतून जो काळपट लाल उजेड पाझरवला, तो पाहताना मी बराच वेळ दुसरे काहीच केले नाही. तिथे आकड्यांत काही फेरफारही करावा लागला नाही. सावळ्या त्वचेत पारभासकपणा नसतो असा समज कोणाचा असेल तर त्याने हा कान पाहावा. तो असतो, फक्त तो चेहराभर नसून पाळीत, नाकपुडीच्या कडेत, बोटांच्या पेरांत असतो.

वेगाबाबत थोडक्यात सांगते. आठ गिगाबाइटचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या माझ्या यंत्रावर पोस्टरच्या आकाराची एक प्रतिमा पाऊण तास घेते. कानाच्या मागच्या छायेत दाणे राहतात आणि ते घालवण्यासाठी डीनॉइझर लावला तर गालावरची रंध्रेही कधीकधी पुसली जातात. त्याला रंगाची आणि पृष्ठभागाच्या दिशेची माहिती जोडून दिली आणि नमुन्यांची, म्हणजे चित्राच्या दर बिंदूमागे सोडायच्या किरणांची, संख्या मुळातच चांगली ठेवली, तर हानी कमी होते. ब्लेंडरमधलेच ईव्ही हे वेगवान इंजिन आतला प्रकाश फक्त पडद्यावर दिसणाऱ्या प्रतिमेच्या आधारे पसरवते, त्यामुळे सुरुवातीची मांडणी पाहण्यापुरते ते बरे. चेहऱ्याच्या अंतिम चित्रासाठी मी ते वापरणार नाही.

ज्यांना पात्र बोलते-चालते आणि लवकर हवे आहे त्यांनी एपिक गेम्सचे २०२१ साली आलेले मेटाह्यूमन पाहावे. तिथे केस, डोळे, हालचालीची यंत्रणा सगळे तयार मिळते. पण आजीसारखा एकमेव चेहरा, ज्याच्यावर गोंदण आहे, वांग आहे, एका भुवईत कापल्याचा वण आहे, तो संग्रहातून निवडता येत नाही, घडवावाच लागतो. त्या घडवण्यासाठी ब्लेंडर आणि सायकल्स यांची मी निःसंकोच शिफारस करते. एक रुपयाही न देता लातूर-नांदेडच्या मुलीलाही हे साधन पूर्ण ताकदीने मिळते, याचे मला फार अप्रूप आहे. मी त्याला पाचपैकी चार गुण देते. एक गुण मेलॅनिन आणि थर नसल्याबद्दल राखून ठेवते.

पूर्ण झालेली प्रतिमा मी गावी जाऊन लॅपटॉपवर आजीला दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. सुरकुत्यांबद्दल ती काही बोलली नाही, कानाबद्दलही नाही. मग कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "अगं, हे कुंकू सकाळचं न्हाई. दुपारचं वाटतंय, वाळल्यालं." तिचे बरोबर होते. मी छायाचित्रे दुपारी तीननंतर काढली होती आणि चेहरा मात्र सकाळच्या खिडकीत बसवला होता. ताजे कुंकू मेणात भिजून थोडे गडद आणि किंचित ओलसर दिसते. तिथेच बसून मी कुंकवाची रफनेस ०.९ वरून ०.६५ वर आणली, रंग एक छटा खाली नेला, मेणाचे वलय थोडे रुंद केले आणि ती चहा ठेवायला उठली तोवर पुन्हा रेंडर लावले.